गाणं सुरू होण्याआधी

रोवेना कीफरच्या अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये जे घडलं, त्याबद्दल इंडियाना राज्यातल्या केल्सो गावात दोन मतं आहेत. एक, व्हर्ल स्टोल्ट्झनं ते मुद्दाम केलं. दुसरं, बिचाऱ्याच्या तोंडून ते निघून गेलं. डेलमार कीफरचं, म्हणजे रोवेनाच्या नवऱ्याचं, मत कोणी विचारलं नाही. पुढच्या सबंध प्रकरणातही ते फारसं कोणी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांनी उत्तर संपेपर्यंत दम धरला नाही.

घडलं ते एवढंच. पास्टरनी प्रार्थना संपवली आणि म्हणाले, "आता आपण रोवेनाचं गाणं तिच्याच आवाजात ऐकू या." मुलगी तान्ही असताना या नवराबायकोनं हौसेनं एक रेकॉर्ड काढली होती. गिटार त्याची, गळा तिचा. पास्टरनी यंत्राचं बटण दाबलं, गिटार कडाडली. उघड्या शवपेटीत रोवेना निळ्या पोशाखात शांत पडली होती. गिटारचा तो दणदणीत तुकडा संपत आला, गायला लागण्याआधी रोवेना जो श्वास घेते तो स्पष्ट ऐकू आला, आणि नेमक्या त्या क्षणी मागच्या बाकावरून व्हर्ल खणखणीत आवाजात म्हणाला, "झोपलेल्यांनो, उठा!"

त्याचा दोष तसा नव्हता. गस टालबर्ट नावाचा रेडिओवरचा निवेदक रोज दुपारी बारा वाजता राजकारणावर बोलतो. निदान कार्यक्रमाचं नाव तरी तसं आहे. त्या कार्यक्रमाची सुरुवात डेलमारच्या याच गिटारनं होते. रेडिओ स्टेशनच्या कुठल्याशा कपाटात ती जुनी रेकॉर्ड पडली होती, टालबर्टला तिची सुरुवात आवडली आणि त्यानं ती उचलली. गिटार वाजते, ती संपता संपता टालबर्ट "झोपलेल्यांनो, उठा!" अशी आरोळी ठोकतो, आणि मग तीन तास तो सरकारला झोडपतो. प्रत्येक जाहिरातीनंतर पुन्हा गिटार, पुन्हा आरोळी. या धंद्यात त्याला कौशल्य मानतात. गाणाऱ्याचं तोंड उघडायच्या आत निवेदकानं आपलं उघडायचं. वर्षानुवर्षं असं चालल्यावर आसपासच्या तीन परगण्यांतल्या लोकांची जीभ त्या गिटारपाठोपाठ आपोआप हलू लागली होती. व्हर्लची चर्चमध्ये हलली.

निम्मे लोक हसले. हसू दाबण्यासाठी जे खोकले, त्यांचा आवाज हसणाऱ्यांपेक्षा मोठा होता. पास्टरना वाटलं, चर्चच्या ध्वनिक्षेपकानं पुन्हा रेडिओ पकडला. ईस्टरच्या दिवशी येशू थडग्यातून उठण्याच्या जागी गायीगुरांचे भाव लागले होते, तो घाव अजून ताजा होता. ते धावले आणि त्यांनी यंत्राची वायरच उपटली.

तळघरातल्या हॉलमध्ये हॅम आणि चीज घातलेले बटाटे खाताना जो तो डेलमारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "छान झाला हो कार्यक्रम." रोवेनाचा एक शब्दही कोणी ऐकला नव्हता.

डेलमारनं आयुष्यभर घरांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत नोकरी केली होती. गारपीट झाली की शिडी लावून लोकांच्या छपरांवर चढायचं, खड्डे बघायचे आणि खाली उतरून घरमालकाला नम्रपणे सांगायचं, "हे नुकसान जुनं आहे." अशा माणसाला कुठल्याही गोष्टीचा संताप चटकन येत नाही. पण त्या दिवशी आला. गाणं टालबर्टच्या तावडीतून सोडवायचं, असं त्यानं हातातली बटाट्यांची बशी खाली ठेवण्याआधीच ठरवलं. एक फोन करायचा, माणसासारखं सांगायचं, आणि विषय संपवायचा. इतकं साधं काम.

त्यानं स्टेशनला फोन लावला. एका बाईनं उचलला.

"आजचा विषय गोल चौक. बाजूनं की विरोधात?"

"मी गाण्याबद्दल बोलायला फोन केलाय."

"गाणं हा आजचा विषय नाही, सर. परगण्याच्या रस्त्यावर सिग्नल काढून गोल चौक करणार आहेत. तुम्ही बाजूनं आहात की विरोधात?"

"माझं काही मत नाही."

"मग फोन कशाला केलात?" बाईला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "सर, मागे माणसं थांबलीत. मी विरोधात लिहू का? सगळे विरोधातच आहेत."

डेलमार "लिहा" म्हणाला. आयुष्यातलं पहिलं जाहीर राजकीय मत त्यानं अशा रीतीनं नोंदवलं. मग तो बराच वेळ फोन कानाला लावून बसला. शेवटी कानात एकदम टालबर्ट गरजला. "केल्सोहून डेलमार! गोल चौकाच्या विरोधात! बोल दोस्ता!"

"मी त्या गाण्यात गिटार वाजवलीय."

"कुठल्या गाण्यात?"

"तुमच्या. म्हणजे आमच्या. तुम्ही रोज वाजवता त्यात."

क्षणभर टालबर्ट गप्प झाला. रेडिओवर हे क्वचितच घडतं. मग त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "मित्रांनो, ऐकलंत? आपली गिटार! तो माणूस जिवंत आहे, इथंच आपल्यात राहतो, आणि तोसुद्धा गोल चौकाच्या विरोधात आहे!"

"माझं म्हणणं असं की माझी बायको..."

"बायकोलाही आमचा नमस्कार सांग!"

"ती गेली हो."

"सगळेच चाललेत, दोस्ता! हे असले कर लावल्यावर इंडियाना सोडून सगळेच जाणार! थांब, फोन ठेवू नकोस, आम्ही आलोच..."

आणि डेलमारचं पुढचं वाक्य गिटारनं गिळलं. त्याच्याच गिटारनं. जाहिरात लागली, पन्हाळीत पाला अडकू नये म्हणून बसवायच्या जाळीची. जाहिरात संपली तेव्हा फोनवर दुसराच कोणीतरी होता. तोही गोल चौकाच्या विरोधात होता.

संध्याकाळपर्यंत ही बातमी दोन्ही कुंपणांवरून आत आली. उजवीकडे व्हर्ल राहतो. निवृत्त झाल्यापासून तो गॅरेजमध्येच असतो. तिथं त्याचा मोठा रेडिओ आहे, आणि गस टालबर्ट नसता तर हा देश केव्हाच गेला असता असं त्याचं ठाम मत आहे. डावीकडे ग्लेनिस प्रुइट. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईला टालबर्टचा इतका तिटकारा आहे की ती त्याचा एकही कार्यक्रम चुकवत नाही.

"तू त्याला फोन केलास?" ग्लेनिस कुंपणापाशी येऊन म्हणाली. "गोल चौकाच्या विरोधात? डेलमार, मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"मी विरोधात नाहीये."

"मी माझ्या कानांनी ऐकलं."

"तू ऐकतेस कशाला त्याला?"

"शत्रूवर लक्ष ठेवायला नको? सगळ्यांनी कान बंद केले म्हणून तर ही वेळ आलीय." मग तिनं आवाज खाली आणला. "हे बघ, त्याच्यावर खटला भर. माझा भाचा प्रेस्टन वकील आहे. आत्तापर्यंत त्यानं कुत्रा चावल्याचेच खटले चालवलेत, पण हे काही फार वेगळं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डेलमारच्या अंगणात एक पाटी रोवलेली होती. 'टालबर्ट, आमचं गाणं परत दे!' खाली ग्लेनिसच्या पक्षाच्या उमेदवाराचं नाव, जरा मोठ्या अक्षरांत. डेलमार ती उपटायला गेला, तेवढ्यात व्हर्ल टोमॅटोची पिशवी घेऊन आला. त्यानं पाटी वाचली. पुन्हा वाचली.

"ही काय भानगड आहे, डेल?"

"ती मी नाही लावली."

"तुझ्या अंगणात आहे."

"गाणं बंद व्हावं एवढंच मला हवंय, व्हर्ल. रोवेनाचं गाणं आहे ते. तुझ्या गसशी माझं भांडण नाही."

"त्या गाण्याला या देशात विचारतं कोण? गसनंच ते जिवंत ठेवलं." व्हर्लचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "आणि चर्चमध्ये जे झालं त्याची मी माफी मागितलीय. पाय मोडलेल्या माणसाची आपण काळजी घेतो ना, तशी जीभ घसरलेल्याचीही घ्यावी."

तो टोमॅटो घेऊन परत गेला. दोन्ही घरांच्या मधली गवताची पट्टी व्हर्ल आजवर आपल्या गवताबरोबरच कापायचा. तो गवत कापायचं ढकलायचं यंत्र नव्हे, वर बसून चालवायचं यंत्र वापरतो, आणि पट्टी कोणाची हा प्रश्न कधी निघालाच नव्हता. त्या शनिवारी त्यानं यंत्र बरोबर सीमारेषेवर वळवलं. महिन्याभरात पट्टीचं गवत गुडघ्याएवढं झालं, आणि गावातून येणारंजाणारं कोणीही सांगू शकत होतं की कीफर आणि स्टोल्ट्झ यांचं राजकारणावरून फाटलंय.

पाटी मात्र डेलमारनं काढली नाही. तो काढायला गेला की ग्लेनिस खिडकीत दिसायची.

मग त्यानं रीतसर मार्ग धरला. गाणाऱ्यांच्या आणि गाणी रचणाऱ्यांच्या वतीनं परवाने देणारी एक मोठी संस्था आहे, तिला फोन लावला. बऱ्याच यंत्रांशी बोलून झाल्यावर एक माणूस भेटला. आवाजावरून सभ्य वाटला.

"त्या स्टेशननं सगळ्या गाण्यांचा मिळून एकच परवाना घेतलाय, सर. त्यात तुमचंही गाणं आलं."

"माझं त्यातून काढून घ्या."

"तसं एकेक गाणं काढता येत नाही. हॉटेल असो, न्हाव्याचं दुकान असो, लिफ्ट असो, एकदा परवाना घेतला की कुठलंही गाणं वाजवता येतं."

"पण ते गाणं वाजवतच नाहीत! गाणं सुरू व्हायच्या आधीच तोडतात."

"म्हणजे सुरुवातच वाजवतात? किती वाजवतात?"

डेलमारनं सांगितलं.

"मग त्याला आम्ही गाणं वाजवलं असं धरत नाही," तो माणूस आनंदानं म्हणाला. "ते पार्श्वसंगीत झालं. त्यामुळे तक्रारीचा प्रश्नच येत नाही. कधीपासून वाजवतायत?"

"झाली बरीच वर्षं."

"अच्छा," तो माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला. "म्हणजे हे जुनं आहे."

डेलमारनं फोन ठेवला. आपण कितीतरी छपरांवरून कितीतरी माणसांना हे वाक्य ऐकवलं, आणि त्यातल्या एकानंही आपल्याला शिडीवरून ढकललं नाही, याचं त्याला पहिल्यांदाच नवल वाटलं.

ग्लेनिसच्या भाच्यानं, प्रेस्टननं, प्रकरण शांतपणे ऐकून घेतलं. तो पोरसवदा दिसत असला तरी चाळिशीचा होता.

"एक वाट आहे," तो म्हणाला. "गाणं ऐकून लोकांना असं वाटलं पाहिजे की तुम्ही टालबर्टच्या मतांचे आहात. त्यानं तुमच्या प्रतिष्ठेला धक्का बसला, असं आपण म्हणू. फक्त पुरावा लागेल. 'डेलमार कीफर टालबर्टचा माणूस आहे असं मला वाटत होतं' असं गावातल्या चार प्रतिष्ठित माणसांकडून लिहून आणा."

तेव्हा डेलमार आपली प्रतिष्ठा गेल्याचा पुरावा गोळा करायला निघाला. असा माणूस गावात यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. पहिल्यांदा तो न्हाव्याकडे गेला.

"माझी राजकीय मतं काय असतील असं तुला वाटत होतं?"

न्हावी कात्री थांबवून विचार करू लागला. "खरं सांगू, डेल? तुला मतं असतील असं मला कधी वाटलंच नाही."

"पण ती गिटार माझी आहे हे तुला माहीत होतं ना?"

"होतं की. पण गिटार वाजवणाऱ्याला कोण मत विचारतं?"

बँकेतला माणूस म्हणाला, तुमच्याकडे आम्ही नेहमीच एक स्थिर ग्राहक म्हणून पाहिलं. पास्टर म्हणाले, "डेलमार, तू तर शांत माणूस. रोवेना बोलायची आणि तू मान हलवायचास. तुमचं घर मला फार आवडायचं." पत्ते खेळायला येणाऱ्या जोडप्यांनी आपापसात बराच खल केला आणि ग्वाही दिली की तो एकाच पत्त्यावर फार वेळ विचार करतो, यापलीकडे त्याच्याबद्दल त्यांचं काहीही मत नाही.

लिहून द्यायला एकच व्यक्ती तयार झाली. रोवेनाची धाकटी बहीण बर्निस. डेलमारविरुद्ध काहीही लिहून द्यायला ती लग्नाच्या दिवसापासून तयार होती.

"काय लिहू? तू टालबर्टचा माणूस आहेस? लिहिते. गाढव आहेस असंही लिहू का?"

"बर्निस, हे रोवेनासाठी चाललंय."

"रोवेनासाठी!" बर्निसनं पेनाचं टोपण खाडकन लावलं. "ती तेव्हाच म्हणाली होती तुला, माझ्यादेखत. एवढा धिंगाणा घातलास तर माझं कोण ऐकणार? हळू आवाजातलं गाणं ते. लेकराला निजवायचं. त्याच्यापुढे हा माणूस घोड्यांची शर्यत लावतो! तुझी गिटार नसती ना, तर तो टालबर्ट त्या गाण्याकडे ढुंकून बघता ना."

लोकांचं लक्ष वेधून घ्यायचं आणि मग तिला पुढे करायचं, असा तेव्हा डेलमारचा हिशेब होता. पहिला भाग जरा जास्तच साधला होता.

आता एकच उपाय उरला होता. त्या माणसाला गाठायचं. शेजारच्या गावात टायरच्या दुकानाचा सवलतीचा दिवस होता आणि टालबर्ट आपला कार्यक्रम तिथूनच करणार होता. टायरच्या ढिगांमध्ये एक टेबल, त्यावर माइक, बाजूला फुकट हॉट डॉग, आणि टालबर्टशी हस्तांदोलन करायला लांबच लांब रांग. डेलमार रांगेत उभा राहिला. पुढचा आणि मागचा दोघंही त्याच्याशी गोल चौकाबद्दल बोलले.

टालबर्ट जवळून पाहिला तेव्हा डेलमारचा हिरमोड झाला. रागवायला काही मोठं असावं लागतं. हा एक किडकिडीत, स्वेटर घातलेला, घशाच्या गोळ्या चघळणारा माणूस होता. जाहिराती चालू असताना तो अगदी हलक्या आवाजात बोलत होता. घसा राखावा लागतो, म्हणाला.

"मी डेलमार कीफर. गिटार."

"अरे! बसा, बसा. त्या दिवशी फोन कट झाला हो. तुमचं काहीतरी राहिलं होतं."

"ते गाणं वाजवू नका, असं सांगायचं होतं. ते माझ्या बायकोचं गाणं आहे. तिच्या अंत्यविधीला ते लागलं आणि लोक हसले."

टालबर्टनं गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "बायकोचं म्हणजे? तुम्ही तिच्यासाठी वाजवलंत?"

"ती गायलीय त्यात."

"त्यात बाई गाते?"

टालबर्ट थट्टा करत नव्हता. "मला ती गिटार श्वासाश्वासानं पाठ आहे," तो म्हणाला. "कुठं आरोळी टाकायची ते झोपेतसुद्धा सांगेन. पण त्याच्यापुढे मी कधी गेलो नाही. जायचं कारणच पडलं नाही. शेवटी एक श्वास येतो, तो तिचा?"

"तिचा."

"मला वाटायचं तुमचा."

गाणं बंद करा, हे सांगायलाच डेलमार आला होता. पण आता त्याच्या मनात वेगळंच आलं, आणि पुढचा सगळा अनर्थ त्यातूनच झाला. बंद करून काय मिळणार? गावाला रोवेना मुकीच राहणार. "असं करा," तो म्हणाला, "एकदा पुढचं वाजवा. सबंध गाणं. एकदाच. त्यावर बोलू नका."

"सोमवारी," टालबर्ट म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. "बरोबर बारा वाजता. गाणं संपेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. शब्द देतो." रांगेतले लोक टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं, गोल चौकाचं काहीतरी ठरलं.

सोमवारी दुपारी सगळे व्हर्लच्या गॅरेजमध्ये जमले, कारण तसा रेडिओ गावात दुसरा नाही. व्हर्लनं घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि टोमॅटोही कापून ठेवले होते. बर्निस काळा पोशाख घालून आली. पास्टर आले, ते यंत्रापासून लांब बसले. ग्लेनिस जन्मात पहिल्यांदा त्या गॅरेजमध्ये पाऊल टाकत होती. ती भिंतीवरच्या झेंड्यांकडे बघायचं टाळत होती, त्यामुळे तिला सतत छताकडे बघावं लागत होतं.

"गसनं शब्द दिलाय म्हणजे दिलाय," व्हर्ल म्हणाला.

"त्याच्या शब्दांची काही कमतरता नाहीच," ग्लेनिस छताला म्हणाली.

"आज नको," डेलमार म्हणाला. "कृपा करून आज नको."

बारा वाजले. गिटार कडाडली. डेलमार खुर्चीच्या कडेवर सरकला. टालबर्टनं खरोखरच शब्द पाळला, तो बोलला नाही. गिटारचा तुकडा संपत आला, रोवेनानं श्वास घेतला, आणि गॅरेजमधले झाडून सगळे एका सुरात ओरडले, "झोपलेल्यांनो, उठा!"

सगळ्यांत मोठा आवाज ग्लेनिसचा होता. तिचा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता.

"पाहिलंत?" व्हर्ल टाळी वाजवून म्हणाला. "पाहिलंत? बाईलासुद्धा पाठ आहे!"

"मी त्याची नक्कल करत होते! कुचेष्टेनं म्हणाले मी!"

"कुचेष्टेनं एवढं ताला-सुरात?"

"चर्चमध्ये तू काय केलंस ते विसरलास का, व्हर्ल स्टोल्ट्झ?"

"ती जीभ होती! हे तर..."

"अहो, आपण सगळे देवाची..." पास्टर म्हणू लागले.

"तुम्ही वायर उपटलीत तेवढं पुरे!" बर्निस त्यांच्यावर उलटली आणि रडू लागली. व्हर्लनं मदत म्हणून रेडिओचा आवाज मोठा केला, त्याबरोबर सगळ्यांनीच आपापला केला.

"गप्प बसा!" डेलमार उभा राहून ओरडत होता. "गाणं चाललंय! अरे, गाणं चाललंय! देवाशपथ सांगतो, गप्प बसा, ती गातेय!"

ते गप्प झाले. तोवर गाणंही गप्प झालं होतं. रेडिओतून टालबर्टचा घसा साफ केल्याचा आवाज आला आणि मग तो हळूच म्हणाला, "मित्रांनो, मला माझी आई आठवली." त्याच्या स्वरात खोट नव्हती. पन्हाळीच्या जाळीची जाहिरात लागली.

बर्निसनं नाक पुसलं. "सगळ्यात जास्त तूच ओरडत होतास," ती डेलमारला म्हणाली.

प्रकरण इथं संपलं असतं तर डेलमारनं नशिबाला बोल लावून गाशा गुंडाळला असता. पण टालबर्टला रोवेनाचा आवाज मनापासून आवडला होता. त्याच आठवड्यात शाळा समितीच्या एका सभासदानं त्याच्या कार्यक्रमात फोन केला. तो काही आकडे सांगू लागला. आकडे बरोबर असावेत, कारण टालबर्टला उत्तर सुचेना. तेव्हा त्यानं एक बटण दाबलं.

हळू बोल, हळू बोल,
घर आत्ताच झोपलंय.

शाळा समितीचा सभासद अर्ध्या वाक्यात थबकला. टालबर्ट आधी खुदकन हसला आणि मग पोट धरून हसला. पुढच्या तासाभरात त्यानं ते बटण आणखी चार जणांवर वापरलं. आठवडा संपेपर्यंत तो कार्यक्रमाचा सगळ्यांत आवडता भाग झाला. कोणी मुद्द्याचं बोलू लागलं की रोवेना गाते आणि फोन कापला जातो.

गावात डेलमारचा भाव एकदम वधारला. न्हाव्यानं त्याला आधी खुर्ची दिली. "काल ऐकलं का? त्या नदी वाचवावाल्या बाईला काय गप्प केलंय रोवेनानं! एका ओळीत!" बँकेतला माणूस म्हणाला, "गोड आवाज हो. इतके दिवस माहीतच नव्हतं." व्हर्लनं मधल्या पट्टीचं गवत कापलं आणि टोमॅटो आणून दिले. ग्लेनिसनं संतापून टालबर्टला फोन केला, हे चाललंय ते एका मृत स्त्रीची विटंबना आहे असं सांगायला. तिला "मृत" इथपर्यंतच जाता आलं.

प्रेस्टन म्हणाला, आता काहीच करता येणार नाही. टायरच्या दुकानात, एवढ्या लोकांसमोर, पुढचं वाजवा असं तुम्हीच त्याला सांगितलंत. "एकदाच, हे तुम्ही लिहून घेतलं नाहीत," तो म्हणाला. यापेक्षा कुत्रा चावलेला परवडला, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

शेवटी डेलमारनं पुन्हा फोन उचलला. आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून, दारं खिडक्या लावून. यावेळी त्यानं काय बोलायचं ते आधी मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं. फोनवर तीच बाई आली.

"आजचा विषय पवनचक्क्या. बाजूनं की विरोधात?"

"विरोधात," डेलमार चटकन म्हणाला. काय म्हटलं की आत घेतात, ते तो आता शिकला होता.

बराच वेळ गेला. मग कानात टालबर्ट गरजला. "केल्सोहून डेलमार! पवनचक्क्यांच्या विरोधात! हा आवाज ओळखीचा आहे, मित्रांनो!"

"मी डेलमार कीफर. पवनचक्क्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. जिचा आवाज तुम्ही लोकांची तोंडं बंद करायला वापरता ना, ती माझी बायको. तिनं जन्मात कोणाचं तोंड बंद केलं नाही. आमची मुलगी तापानं रात्रभर रडायची, तिच्यासाठी रचलं होतं तिनं ते. तुम्ही ते..."

"दोस्ता, अरे आम्ही तर तिचा मान..."

"मला बोलू द्या! एकदा तरी मला बोलू द्या!" डेलमार ओरडला. त्या घरात इतक्या मोठ्यानं कोणी कधी ओरडलं नव्हतं. ओट्यावरची भांडी थरथरली. "तुम्ही चोर आहात! तुम्ही सगळे..."

हळू बोल, हळू बोल,
घर आत्ताच झोपलंय.

ती त्याच्या कानात गात होती, अगदी जवळून, आणि या वेळी मध्ये कोणी बोलत नव्हतं. डेलमारचा वर गेलेला हात तसाच खाली आला. पुढचा शब्द ओठांवर होता, तो त्यानं गिळला. सगळा संसार त्यानं या सुरापुढे आवाज खाली आणण्यात घालवला होता, आणि आता नव्यानं काही शिकायचं त्याचं वय राहिलं नव्हतं.

फोन कापला गेला. त्यानं फोन अगदी हलकेच जागेवर ठेवला, टकटक होऊ नये म्हणून खाली बोट धरून. मग त्यानं झोपण्याच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि चवड्यांवर चालत तो बाहेर गेला.